एका नगरपंचायतीचा भूकंप-नकाशा: रेघ कुठे मारायची?

पार्श्वभूमी

गावाचं नाव देत नाही. कोयना-वारणेच्या टापूतलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. वर कातळाचा माळ, त्याच्या कुशीला गावठाण, खाली नदी आणि गावाच्या मधोमध वाहणारा एक नाला. हा नाला आता निम्मा स्लॅबखाली गेलाय. माणसं, पदं, गल्ल्या ओळखू येणार नाहीत इतपत फिरवल्या आहेत. घटनाक्रम आहे तसा ठेवलाय.

मी तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयात माती आणि पाया हा विषय शिकवायचो. २०१८ साली तिथल्या मुख्याधिकारी मॅडमचा फोन आला. नगरपंचायत नवीन होती, पहिल्याच विकास आराखड्याचं काम चालू होतं आणि त्यात 'भूकंपप्रवण क्षेत्राचा नकाशा' जोडायचा होता.

या भागात भूकंप म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून धरणाच्या दक्षिणेला साधारण २० बाय ३० किलोमीटरचा पट्टा हलतच राहिलाय. १९८५ मध्ये वारणेचं पाणी अडलं आणि पुढे त्या बाजूलाही धक्के वाढले. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचा अभ्यास करायला जगभरचे लोक इथे येतात. कऱ्हाडला केंद्र सरकारची त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि याच भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडून झालंय. गावातली म्हातारी माणसं मात्र रात्री फळीवरची भांडी वाजली की "हालला वाटतं" म्हणतात आणि कूस बदलतात.

अडचण

मॅडमनी पहिला मसुदा पुढ्यात टाकला. एका सल्लागाराने केलेला. अख्खं गाव एकाच तपकिरी रंगात, वर ठळक अक्षरांत 'भूकंप क्षेत्र ४'. मागे दहाएक पानांचं टिपण, त्यात वाळूचं द्रवीकरण (धक्क्याने ओली वाळू पातळ होऊन वाहू लागणं), किनारपट्टी, बंदर असले शब्द. आमच्यापासून समुद्र सह्याद्रीपलीकडे. कुठल्या तरी दुसऱ्या शहराच्या अहवालातून उचललेला मजकूर होता तो, बंदरसुद्धा न गाळता.

"चूक काहीच नाहीये सर," मॅडम म्हणाल्या, "पण यावरून रुग्णालय कुठे बांधायचं ते कळतंय का?"

कळत नव्हतं. देशाचा भूकंप नकाशा 'भारतीय मानक १८९३' या संहितेत असतो. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या आवृत्तीत देशाचे २ ते ५ असे चार पट्टे होते. चौथ्याचा गुणांक ०.२४, तिसऱ्याचा ०.१६. इमारतीचं गणित कुठल्या आकड्याने सुरू करायचं तेवढं तो नकाशा सांगतो. एका गावातल्या दोन गल्ल्यांत फरक करायचं त्याचं काम नाही आणि त्याच्या अंगात तेवढे बारकावे मावतही नाहीत. ५० लाखांत एक अशा प्रमाणाचा नकाशा धरला तर त्यावरची एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर. आमचं गाव तर अख्खंच्या अख्खं त्या रेघेखाली झाकलं जाईल.

शिवाय तो नकाशाही अनुभवाने बदलत आलाय. १९६७ च्या आधी कोयनेचा भाग कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जायचा. पुढच्या, १९७० च्या आवृत्तीत तो चौथ्यात गेला. किल्लारीचं तेच. १९८४ च्या नकाशात लातूर पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक पट्ट्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, सुमारे ७,९०० माणसं गेली. २००२ च्या आवृत्तीत पहिला पट्टाच काढून टाकला आणि तो भाग तिसऱ्यात टाकला. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं हसायची. भूकंप आधी होतो, रंग मागाहून.

रुग्णालयाचा प्रश्न मात्र तातडीचा होता. एसटी स्टँडमागे नाल्याकाठी नगरपंचायतीची स्वतःची मोकळी जागा होती. फुकट, मोक्याची, रस्त्याला लागून. सगळ्या पक्षांचं तिच्यावर एकमत होतं, आणि असं एकमत दिसलं की मला जरा धास्तीच वाटते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच ठेवायचं. सगळं गाव क्षेत्र ४ आणि प्रत्येक बांधकामाला संहिता लागू. कायद्याला धरून, बिनखर्चाचं, वादाला जागा नाही. आराखड्याचं एक पान भरलं की झालं.

दुसरा पर्याय पूर्ण सूक्ष्म-क्षेत्रीकरणाचा, म्हणजे जागोजागची जमीन मोजून गावाचे धोक्याप्रमाणे भाग पाडण्याचा. दिल्लीचं झालंय, १९९७ च्या भूकंपानंतर जबलपूरचं झालंय. ठिकठिकाणी बोअर घ्यायचे, कंपनलहरींचा वेग मोजायचा, संगणकावर संभाव्य भूकंप चालवून पाहायचे. उत्तम काम, पण ते शहराच्या ऐपतीचं. इथे वार्षिक अंदाजपत्रकात गटारांना पैसे पुरत नव्हते.

तिसरा पर्याय मी सुचवला. धक्का किती मोठा येईल याच्या भानगडीत पडायचंच नाही. तो आकडा संहितेकडून घ्यायचा. आपण फक्त एवढंच शोधायचं की एकाच धक्क्याला गावातली कुठली जमीन बाकीच्यांपेक्षा वाईट वागेल.

इथे नगररचना कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. ते म्हणाले, "सर, तुमच्याच संहितेत दुमजली घराला माती कुठलीही असली तरी जोर तेवढाच धरतात. मग मातीचा नकाशा काढून उपयोग काय?"

बरोबर होतं त्यांचं. २०१६ च्या संहितेतल्या साध्या पद्धतीत इमारतीचा आंदोलनकाळ (एकदा डुलून परत यायला लागणारा वेळ) ०.४० सेकंदापेक्षा कमी असला तर कठीण, मध्यम, मऊ तिन्ही जमिनींना जोर काढायचा एकच गुणक, २.५. फरक पडायला लागतो तो त्यापुढे. उदाहरण घ्या: १६ मीटर उंच, पायाशी ९ मीटर रुंद, विटांनी भरलेल्या भिंतींची इमारत. तिचा काळ येतो ०.४८ सेकंद. कातळावर तिला सुमारे २.०८ धरायचे आणि मऊ मातीवर २.५. म्हणजे पाच मजली इमारतीला फरक वीस टक्के आणि आमच्या गावातल्या शंभरातल्या नव्वद घरांना शून्य.

कागदावर शून्य. जमिनीत तसं नसतं. कातळावर दहा मीटर माती असेल आणि तिच्यात लहरींचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर त्या थराचा स्वतःचा काळ निघतो ०.२ सेकंद. दुमजली घराचाही ढोबळमानाने तेवढाच. झोका आपल्या तालात असताना मागून ढकलला की काय होतं ते लहान पोरालाही माहीत असतं. त्यात भरावाची जमीन एका कोपऱ्याला खचते आणि डोंगरउतारावरचे धोंडे सुटतात, आणि या दोन गोष्टी तर त्या २.५ मध्ये कुठेच येत नाहीत. अधिकाऱ्यांना हे पटलं. पण त्यांनी एक अट घातली, ती पुढे आमच्या फार उपयोगी पडली: खाजगी बांधकामाला नवा नियम लावायचा तर शासनाची मंजुरी लागेल आणि त्यात वर्षं जातील, म्हणून नकाशा बंधनकारक करायचा तो फक्त सार्वजनिक इमारतींच्या आरक्षणांपुरता. बाकीच्यांना सल्ला.

काय केलं

पैसे नव्हते, मुलं होती. शेवटच्या वर्षाचे आठ विद्यार्थी घेतले.

सगळ्यात आधी भूमी अभिलेखातून जुना गाव-नकाशा मिळवला आणि आजच्या नकाशावर ठेवला. नाला पूर्वी नागमोडी होता. तो सरळ करताना जी वळणं बुजवली त्यांवर आज दुकानांची एक आख्खी रांग उभी आहे. आणि रुग्णालयाची ती फुकट जागा? निम्मी जुन्या पात्रात. मुलांनी तिथे जेसीबीने खड्डा घेतला तेव्हा वरून खाली मुरूम, विटांचे तुकडे, बाटल्या, एक फुटका रांजण आणि मग काळा चिखल निघाला. एवढ्या खाली गेलो तरी मूळ जमीन हाताला लागली नव्हती.

कातळ किती खोल आहे हे कळायला बोअर हवेत आणि बोअरला पैसे. ही कोंडी फोडली एका मुलाने. त्याचे वडील बोअरवेलचा एजंट. तो म्हणाला, "सर, केसिंग विचारू या ना." मी कपाळाला हात लावला. विहिरीच्या बोअरला वरची ढासळणारी माती असेल तिथवर केसिंग पाइप उतरवतात आणि खाली टणक लागलं की थांबतात. त्याचे पैसे फुटावर असतात. त्यामुळे गावातल्या कुठल्याही माणसाला पोराची जन्मतारीख आठवणार नाही, पण केसिंग किती फूट लागलं ते आठवतं.

मुलं दारोदार फिरली. "काका, केसिंग किती?" "चाळीस. तरी म्हणत होतो, पलीकडं घे म्हणून. माझ्या भावाला बारातच कातळ लागला." असं करत शंभराच्या आत-बाहेर नोंदी जमल्या. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. बिलातलं केसिंग आणि जमिनीतलं केसिंग एकच असतं असं नाही. एजंटचाच मुलगा हसत म्हणाला, तिथे दहा फूट वजा करा. शेवटी आम्ही बिलं बाजूला ठेवली आणि मालकांना सरळ विचारायला लागलो: आधी काय निघालं, मग काय, मग काय. काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्यातही बऱ्याचदा केसिंग जातं, पण मांजऱ्या म्हणजे मऊ झालेला का होईना खडकच. त्याला मातीत मोजलं असतं तर सगळं गाव धोक्यात दिसलं असतं.

पडताळा म्हणून तीन ठिकाणी खरे बोअर घेतले आणि प्रमाणित ठोका-चाचणी केली. त्यात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी शेवटचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. नदीकडच्या काळ्या मातीत आठ-नऊ ठोके. माळाजवळच्या मुरमात नळी आत जायलाच तयार नाही. एका संस्थेकडून कंपनमापक उसना आणला आणि रात्री अकरानंतर चौकाचौकात अर्धा-अर्धा तास ठेवला. दिवसा ठेवून उपयोग नाही, एसटीचाच भूकंप नोंदला जातो. जमिनीच्या उगाच चालू असणाऱ्या थरथरीतून त्या थराचा काळ काढता येतो. दोन ठिकाणी तो केसिंगच्या अंदाजाशी बरा जुळला. तिसऱ्या ठिकाणी साफ जुळला नाही. ते तिसरं ठिकाण मी मनातल्या मनात 'यंत्राची चूक' म्हणून सोडून दिलं. त्याबद्दल पुढे येतंच.

या सगळ्यातून चार भाग निघाले. कातळ किंवा मुरूम तीन मीटरच्या आत लागतो तो भाग हिरवा. जाड माती पिवळी. बुजवलेला नाला आणि भराव लाल. माळाच्या कड्याखालचा धोंड्यांचा उतार जांभळा. तिथे जेसीबीने डोंगर कापून घरांसाठी सपाट्या काढायचं काम जोरात चालू होतं. द्रवीकरणाचा भाग आम्ही वगळला. आमची माती चिकण, तेव्हा त्या धोक्याची चर्चा करून अहवाल जाड झाला असता, बस.

हरकती आणि रंग

मसुदा लोकांपुढे ठेवला मंगल कार्यालयात, २०१९ च्या उन्हाळ्यात. दोन तासांत मला जेवढं कळलं तेवढं वीस वर्षं शिकवून कळलं नव्हतं.

पहिली भीती जमिनीच्या भावाची. लाल पट्ट्यातले दुकानदार एकगठ्ठा आले होते. बँक कर्ज देणार नाही, गाळा विकला जाणार नाही. ती भीती खोटी नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या स्वप्नातही नव्हती. या टापूत 'भूकंपग्रस्त' हा शब्द दाखल्याशी जोडलेला आहे, कारण भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरभरतीत समांतर आरक्षण आहे. म्हणून दोन तरुण मुद्दाम पुढे येऊन विचारून गेले, "सर, आमची गल्ली लाल्यात घेता येईल का? दाखल्याचं बघा ना काहीतरी."

आणि मग मागच्या रांगेतून एक आबा उठले. हातात नकाशाची झेरॉक्स.

"आवो सर, ह्ये माजं घर. वसरी पिवळ्यात हाय आन् न्हाणी लाल्यात. भूकंप काय वसरीपास्नं वळसा घिऊन न्हाणीत शिरणार हाय का?"

सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो, आणि घरी येऊन रात्रभर जागा राहिलो. आराखड्याचा नकाशा ४,००० ला एक प्रमाणाचा. त्यावर आमची रेघ अर्धा मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर दोन मीटर. पण आमच्या नोंदी एकमेकींपासून साठ-सत्तर मीटर लांब. माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो हे आम्हाला इकडे-तिकडे वीस मीटर तरी सोडून माहीत होतं. प्रामाणिक रेघ मारायची तर ती नकाशावर एक सेंटिमीटर जाड हवी होती. आम्ही ती टोकदार पेनने मारली, कारण नकाशा तसाच सुबक दिसतो.

इथे दोन निर्णय झाले. रंग काढून टाकले. हिरव्याच्या जागी क, पिवळ्याच्या जागी ख, लालच्या जागी ग, उताराला उ. आणि प्रत्येक सीमेवर चाळीस मीटरचा रेघाळ पट्टा टाकला: 'इथे आधी खड्डा घेऊन पाहा, मग ठरवा.' आबांचं सगळं घर त्या पट्ट्यात आलं. नकाशाच्या पाठीवर प्रत्येक अक्षरासाठी काय करायचं ते चार ओळींत छापलं. ख मध्ये तीन मजल्यांच्या वर माती-तपासणी, आणि खाली सगळं मोकळं पार्किंग ठेवून वर मजले चढवायचे नाहीत. ग मध्ये पाया मूळ जमिनीपर्यंत, सार्वजनिक इमारत नाही. उ मध्ये आधारभिंत आणि पाण्याला वाट असल्याशिवाय उतार कापायचा नाही.

दुकानदारांचं समाधान झालं नाही. पण 'तुमची जागा वाईट' हे ऐकणं आणि 'तुमचा पाया अमुक खोल न्या' हे ऐकणं, यात त्यांना फरक वाटला. निदान आवाज खाली आला.

रुग्णालय

नाल्याकाठची जागा ग मध्ये गेल्यावर मी लगेच माळावरची जागा सुचवली. कातळ उघडा पडलेला, उतार नाही, जागा ऐसपैस. माझ्या लेखी प्रश्न सुटला होता.

बैठकीत ग्रामीण रुग्णालयातल्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. त्यांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "माळावर जायला नाल्यावरचा एकच पूल आहे ना? तो पडला तर पेशंट कशानं न्यायचे?"

जुना दगडी पूल. दोन्ही टोकं ग मध्ये. मी जमीन तपासली होती, रस्ता तपासला नव्हता. गावातली आठ आणे वस्ती पुलाच्या अलीकडे आणि सगळ्यात भक्कम रुग्णालय पलीकडे, असा प्रकार झाला असता. रुग्णालयाच्या इमारतीला संहिता दीडपट महत्त्व देते, म्हणजे सगळा जोर दीडपट धरायचा; पण पेशंट पोचलाच नाही तर त्या दीडपटीचं करायचं काय?

शेवटी तिसरी जागा निघाली. जुन्या तहसीलमागची, क मधली, गावाच्या बाजूची, पण मागणीपेक्षा लहान आणि निम्मी खाजगी. त्यावरून पुढे आठ महिने भांडण झालं. कमी जागेत बसवायला दोन मजले करावे लागणार होते आणि मालकांना मोबदला मान्य नव्हता. मॅडमनी तरी आरक्षण तिथेच टाकलं. मी त्यांच्या जागी असतो तर इतका ताठ राहिलो असतो की नाही, शंका आहे.

निष्पत्ती

मध्ये करोना आला, २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि आराखड्याची घडी पुन्हा बसवावी लागली. नकाशा त्यातून टिकला.

२२-२३ जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि सगळा जिल्हा हादरला. त्याच रात्री आमच्या गावातही कड्याखाली एक दरड उतरली. दोन गोठे आणि एक मोकळं घर गेलं, माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी फोटो पाठवला आणि खाली फक्त एक अक्षर: 'ख'. दरड आमच्या उ पट्ट्याबाहेर, ख मध्ये उतरली होती. आणि जागा कुठली? जिथे कंपनमापक जुळला नव्हता तीच. आम्ही ज्याला काळी माती समजलो होतो ती मुळात वरून कधीतरी घसरून आलेली माती-धोंड्यांची खिचडी होती. यंत्र बरोबर सांगत होतं. मी ऐकलं नाही. उ ची सीमा नंतर खाली सरकवली आणि तिथली अंगणवाडी हलवली.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. जिल्हा परिषदेची जुनी शाळा गावठाणात, उत्तम मुरमावर, म्हणजे ठणठणीत क मध्ये. भिंती दीड हात जाड, बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड आणि मधल्या पोकळीत माती न् कपच्या. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. किल्लारीला माणसं मारली ती अशाच भिंतींनी आणि त्यांच्या डोक्यावरच्या माळवदाच्या ओझ्याने. दुरुस्तीचा प्रस्ताव होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "शाळा क मध्ये आहे, ती थांबू शकते." नकाशाचा हवाला देऊन. माझ्या नकाशाचा! मी त्या बैठकीत होतो. जमीन चांगली म्हणजे इमारत चांगली नव्हे, हे एक वाक्य बोलायला मला पुढची बैठक लागली. मधे पाच महिने त्या वर्गांत मुलं बसत होती.

पुढे काम झालं. भिंतींना भोकं पाडून सळई आणि काँक्रीटचे आरपार बांध घातले, कोपऱ्यांना आणि दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवला, कौलांखालचं लाकूड भिंतींना जखडलं. गवंड्यांनी ते शिकून घेतलं आणि त्यातल्या दोघांनी नंतर स्वतःच्या घराला तेच केलं.

रुग्णालयाची जागा अजून पूर्ण ताब्यात आलेली नाही. नाल्याकाठच्या जागेवर भाजी मंडईचे पत्र्याचे ओटे झाले. हलक्या छपरासाठी ती जागा ठीक आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी इमारती पाहीन, जमीन नंतर. आठ मुलांनी दोन महिने केसिंग विचारलं, त्यातला एक आठवडा जरी शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी आणि पूल यांच्या भिंती पाहण्यात घालवला असता तर शाळेचा तो प्रसंग आलाच नसता. नकाशावर क-ख-ग च्या जोडीला सार्वजनिक इमारतींची नावं आणि त्यांच्यापुढे 'दगड-माती', 'वीट', 'आरसीसी' एवढं लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं.

न जुळणारी नोंद टाकून देणार नाही. ती नकाशावर प्रश्नचिन्ह म्हणून छापीन, लोकांपुढे जाऊ दे. कड्याखालच्या त्या वस्तीतल्या कुणी ना कुणी सांगितलं असतं की आजोबांच्या काळी इथे डोंगर आला होता. आम्ही विचारलं केसिंग, डोंगराबद्दल विचारलंच नाही.

रंगांबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. अक्षरांमुळे भांडणं कमी झाली हे खरं, पण लाल दिसलं की माणूस थबकतो, ग वाचून थबकत नाही. कडेच्या वस्तीपुरता तरी लाल ठेवायला हवा होता का, यावर मॅडमचं आणि माझं आजही जमत नाही. त्यांची आता बदली झालीय. फोनवर वाद चालू असतो.

नकाशा नगरपंचायतीच्या बांधकाम विभागात भिंतीवर आहे. तिथल्या ओव्हरसियरनी एक पद्धत पाडलीय, मी सांगितलेली नाही. बांधकाम परवानगीला कुणी आलं की ते विचारतात, "बोअर मारलाय का? केसिंग किती?" आणि उत्तर पेन्सिलीने त्या जागेवर लिहून ठेवतात. गेल्या खेपेला गेलो तेव्हा चाळीसएक नवे आकडे दिसले. गावठाणाच्या पूर्वेला, आम्ही छातीठोकपणे क म्हटलेल्या भागात, शेजारी-शेजारी तीन: ३२, ३५, ३०.

"मांजऱ्या असेल," मी म्हटलं.

"मीबी तेच विचारलं सर," ओव्हरसियर म्हणाले. "तिघंबी म्हणत्यात, निस्ती काळी माती."

खोडरबर त्यांच्या टेबलावरच होतं.